पोटातलं तीर्थ

मित्रांनो, फ्रेम म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे भिंतीवरचा फोटो येत असेल. त्यात तुमची फारशी चूक नाही. आयुष्यातली सोळा वर्षं मीही भिंतीवरच काढली आहेत, एका बाजूला आजोबांचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला कॅलेंडर. पण मी सायकलची फ्रेम आहे, जुनी आणि पोलादी. चाकं, हँडल, चेन, गादी असं सगळं उतरवून ठेवलं की जे शेवटी उरतं, ते मी. आजवर मी दोनदा सायकल झाले. मधल्या काळात मी काय होते हे मलाही नीट सांगता येणार नाही.

माझा जन्म लुधियानाच्या एका कारखान्यातला. लांब नळ्या कापल्या, विस्तवावर एकमेकींना जोडल्या आणि माझे दोन त्रिकोण तयार झाले, एक मोठा, एक लहान. दोन्ही त्रिकोण जिथे मिळतात तिथे, पोटाशी, एक आडवी नळी असते. पायडलचा आस तिच्यात फिरतो. त्या नळीला खालून एक बारीक भोक पाडलं होतं, मसुराचा दाणा जाईल एवढं. ते कशासाठी, हे मला तिथे कोणी सांगितलं नाही. मला वाटलं, कुणाच्या तरी हातून चूक झाली असावी. मग मला हिरवा रंग दिला आणि अंगावर एक चित्र चिकटवलं. दोन पांढरे त्रिकोण, वर थोडंसं बर्फ. ते डोंगराचं चित्र होतं. मी डोंगरी सायकल होते ना.

आणि आले कुठे? उज्जैनला, माळव्याच्या सपाट काळ्या जमिनीवर. ट्रकमधून उतरले तेव्हा नजर पोचेल तिथपर्यंत पाहिलं. गव्हाची शेतं होती, विजेचे खांब होते, देवळांचे कळस होते. डोंगर मात्र एकही दिसला नाही.

टावर चौकाजवळच्या एका दुकानात मी वर टांगलेली होते. सन होतं १९९३. एके दिवशी सव्वीस वर्षांची एक बाई आली, दोन वेण्या, खांद्याला झोळी. तिने माझ्याकडे बोट दाखवलं. दुकानदार हसून म्हणाला, "बहनजी, ये लड़कों वाली है. डंडा देख रही हो बीच में?"

"दिख रहा है," ती म्हणाली. "उतारिये."

ही सुलू दफ्तरदार, मुलींच्या शाळेतली संगीताची बाई. दफ्तरदारांचे पूर्वज संस्थानी काळात शिंदे सरकारच्या दफ्तरात कागद सांभाळत. कागद गेले, सरकार गेलं, पण सांभाळायची सवय त्या घरात राहिली. जुनी पाकिटं, तुटक्या छत्र्या, आणि मनातल्या गोष्टी. त्या घरातली माणसं पोटात फार ठेवतात, हे मला पुढे चांगलंच कळलं.

सुलू पंजाबी ड्रेस घालून माझ्यावर टांग टाकून बसायची आणि फ्रीगंजच्या रस्त्याने शाळेत जायची. लोक वळून पाहत. ती गुणगुणत असायची, तिचं लक्ष नसे. तिच्या डाव्या हाताच्या बोटांना सतारीच्या तारांनी पडलेले घट्टे होते आणि हँडलच्या मुठीवर ते मला रोज जाणवायचे. दुपारी शाळेतून आली की ती व्हरांड्यात सतार घेऊन बसे, मी भिंतीला टेकलेली असे. मित्रांनो, माझ्या नळ्या पोकळ आहेत. सतारीचा सूर आत शिरला की तो या टोकापासून त्या टोकापर्यंत घुमत जायचा आणि सतार थांबल्यावरही थोडा वेळ आत राहायचा. त्या दुपारी मी अर्धवट जागी असे. उन्हात माझी सावली भिंतीवर पडे, दोन त्रिकोणांची, आणि मला वाटे, हाच डोंगर असेल. सुलूच्या वर्गातल्या मुली चित्राच्या वहीत असेच डोंगर काढत. म्हणजे डोंगर माझ्यासारखा दिसत असणार, फक्त मोठा. असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते.

एकदा चेनला तेल देताना सुलू मला म्हणाली, "नावाची डोंगरी, आणि पाहिला एक पण नाहीस. तुला देवासच्या टेकरीला नेईन एक दिवस. प्रॉमिस."

देवास उज्जैनहून चाळीस किलोमीटर. तिथे एक टेकडी आहे, वर देवीची देवळं आहेत. तिथली माणसं तिला टेकरीच म्हणतात. पण तो दिवस काही लवकर उजाडला नाही. कधी आईचं आजारपण, कधी शाळेच्या परीक्षा, कधी गॅदरिंग. या वर्षी नाही, पुढच्या वर्षी, असं करत पंधरा वर्षं निघून गेली.

आता श्रीपादबद्दल सांगते. श्रीपाद हा सुलूचा धाकटा भाऊ, सहा वर्षांनी लहान. मी घरात आले तेव्हा तो वीस वर्षांचा होता, नाकासमोर चालणारा आणि देवभोळा. बहीण ट्रकांच्या गर्दीतून सायकलवर जाते म्हणून त्याचा जीव टांगणीला लागलेला असे. तोंडाने मात्र तो ते कधी बोलला नाही.

खंडेनवमीला मराठी घरांत हत्यारांची पूजा होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. दफ्तरदारांकडे तलवार नव्हती. पाटावर विळी, कात्री, वडलांचं फाउंटन पेन, सुलूची सतार छेडायची नखी आणि पाटाशेजारी मी. श्रीपाद पहाटे क्षिप्रा नदीवरून तांब्याभर पाणी आणायचा आणि त्यात चिमूटभर हळद टाकायचा. बाकी सगळ्या वस्तूंवर तो फुलाने चार थेंब शिंपडे. माझी मात्र गादी उपसून काढायचा आणि उघड्या नळीच्या तोंडातून ते तीर्थ माझ्या पोटात ओतायचा. ओठ हलत असत. एकदाच मला नीट ऐकू आलं. "ताईला सांभाळ," तो म्हणत होता, मला का क्षिप्रामाईला, ते कळलं नाही.

पहिल्या वर्षी ते पाणी पोटाखालच्या भोकातून टपटप गळलं आणि अंगणातल्या रांगोळीवर पसरलं. श्रीपाद कावराबावरा झाला. तीर्थ पायदळी येऊ द्यायचं नसतं, हे त्या घरात लहानपणापासून शिकवलेलं. त्याने देवघरातल्या मेणबत्तीचं मेण वितळवलं, मला उलटं केलं आणि ते भोक बुजवून टाकलं. वर बोटाने दाबलं. बोटाला पूजेची अक्षत चिकटलेली होती, तिचा एक दाणा मेणात रुतून बसला. मग पुन्हा तीर्थ ओतलं. या खेपेला एक थेंबही गळला नाही. श्रीपादच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की काय सांगू. त्याने बहिणीभोवती कवचच बांधलं होतं.

पंधरा खंडेनवम्या. दर वर्षी थोडं पाणी, वर गादीचं घट्ट झाकण, खाली मेणाचं बूच. वरून मी चकचकीत दिसत होते, सुलू मला रोज पुसत असे. आत काय चाललं होतं ते फक्त मला माहीत होतं. गंज आवाज करत नाही. कपड्यावर हळदीचा डाग पसरतो तसा तो हळूहळू पसरत गेला. कारखान्यातलं ते भोक चूक नव्हती, हे मला तेव्हा उमगलं, पण मी कुणाला सांगणार होते?

२००८ च्या डिसेंबरात, एका रविवारी सकाळी, सुलू अखेर निघाली. झोळीत दशम्या आणि पाण्याची बाटली. तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती. शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना हरभऱ्याची शेतं आली. सुलू मोठ्याने गात होती आणि मी मनातल्या मनात डोंगर पाहत होते. नरवर गावाच्या अलीकडे एक छोटा चढ आहे, फार काही नाही. सुलू उभी राहून पायडल मारायला लागली. सगळा जोर माझ्या पोटाशी आला आणि तिथली नळी खालून फाटली.

सुलू डाव्या हातावर पडली. मनगट दोन ठिकाणी मोडलं. ते जुळलं, पण वाकडं जुळलं. डावा हात पूर्वीसारखा वळेना. आणि मित्रांनो, सतारीवर सूर ओढायचे असतात ते डाव्या हाताने. दोन वर्षं तिने प्रयत्न केला. मग एके दिवशी सतारीला खोळ घातली आणि शाळेत नुसतं गाणं शिकवू लागली. त्या हातावर ती ओढणी ओढून घ्यायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "जुनी सायकल होती, तुटली. त्यात काय."

मला टेम्पोत घालून श्रीपादने घरी आणलं होतं. व्हरांड्यात त्याने माझी फाटलेली नळी पाहिली. आतून चहाच्या चोथ्यासारखा लाल चिखल बाहेर पडत होता आणि त्याला हळदीची पिवळट छटा होती. त्याचं बोट मेणाच्या बुचापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. सगळं त्याला त्या क्षणी समजलं. तोंड उघडायला तेव्हा त्याच्याकडे वेळ होता, ऐकणारं माणूस होतं, सगळं होतं. पण तो दफ्तरदार होता. त्याने माझी चाकं उतरवली, हँडल उतरवलं आणि मला मागच्या खोलीतल्या भिंतीवर टांगलं.

त्यानंतर गंमत बघा. दोन वर्षं ज्याने सायकलीकडे पाहिलं नाही, त्या श्रीपादने एक दिवस भंगारातून एक पोलादी फ्रेम आणली आणि तिच्यापासून सायकल उभी केली. मग दुसरी, मग तिसरी. नोकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, आठवडाभर पाइपांच्या फायली, आणि रविवारी नानाखेड्यातल्या आमच्या याच घराच्या पोर्चमध्ये ही नळ्यांची पूजा. उघड्या फ्रेमला पुढचं चाक धरणारा चिमटा बसवायचा, तारांसारखे बारीक आरे ओवून चाकं बांधायची, एकेक भाग शोधून आणायचा. त्याने चौदा जणांना चौदा डोंगरी सायकली बांधून दिल्या. त्याची एक सवय होती. कुठलीही फ्रेम आली की आधी ती उलटी करायची, पोटाखालच्या भोकात तार घालून पाहायची आणि हाताने ठोकून ऐकायचं. तोवर तो चहासुद्धा घेत नसे. लोक चेष्टा करत, "दफ्तरदारजी पहले नब्ज़ देखते हैं." तोही हसायचा. मी मागच्या खोलीच्या उघड्या दारातून पाहत असे. पंधरावी म्हणून माझ्याकडे त्याचा हात कधी आला नाही.

या वर्षी जूनमध्ये सुलू निवृत्त झाली. शाल, नारळ, मुलींचं गाणं, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी ती मागच्या खोलीत आली आणि माझ्यापुढे उभी राहिली. सोळा वर्षांत ती या भिंतीशी अशी कधीच थांबली नव्हती.

"श्रीपाद," तिने हाक मारली, "हिला उतरव. माझी टेकरी राहिली आहे."

श्रीपाद दारात आला. त्याचा चेहरा उतरला. "ताई, तुला दुसरी बांधून देतो न. हलकी, मस्त. ही नको."

"दुसरी कशाला? पडले हिच्यावरून, तर जाईन पण हिच्यावरूनच."

त्याने टाळाटाळ सुरू केली. जुलैत म्हणाला, सामान मिळत नाही. ऑगस्टमध्ये म्हणाला, कचेरीत फार काम आहे. शेवटी त्याच्या बायकोने, स्नेहाने, मध्ये तोंड घातलं. "अहो, चौदा परक्यांच्या केल्यात. घरच्या बाईचीच तेवढी जड जाते का?" सप्टेंबरातल्या एका रविवारी त्याने मला खिळ्यावरून उतरवलं.

पोर्चमध्ये त्याने मला उलटं ठेवलं. हातात तार होती. सोळा वर्षांपूर्वी जिथे बोट थांबलं होतं तिथेच ती थांबली. मग त्याने ते मेण अलगद कोरून काढलं. पिवळं, कडक, हरभऱ्याएवढं, आणि आत तो तांदळाचा दाणा अजून होता. त्याने तो खडा सदऱ्याच्या खिशात टाकला. तेवढ्यात सुलू चहा घेऊन आली.

"काय शोधून राहिलास?" तिने वाकून फाटलेली नळी पाहिली. "बाप रे. हे एवढं सडलं कसं रे?"

"जुनं लोखंड, ताई," तो म्हणाला. "पहिल्यापासूनच कमजोर असेल."

मित्रांनो, इतकी वर्षं तो गप्प होता, ते मी समजून घेतलं होतं. पण हे ऐकून मला राग आला. माझ्या पोलादाला नावं ठेवली त्याने! मी पंधरा वर्षं ते पाणी पोटात घेऊन सुलूला शाळेत नेलं-आणलं. कमजोर मी नव्हते.

तो मला श्रीनाथकडे घेऊन गेला. आगर रोडला श्रीनाथची गॅस वेल्डिंगची टपरी आहे. श्रीनाथने गंजलेला तुकडा कापला, आतून नवी नळी सरकवली आणि पितळ वितळवून सांधा भरला. गंज किती आत गेला आहे ते पाहून त्याने मान हलवली. "इतना तो नाले में पड़े-पड़े भी नहीं सड़ता, भाईसाहब. इसके पेट में किसी ने पानी पाला है." श्रीपाद खिशातला मेणाचा खडा चाचपत राहिला. निघताना श्रीनाथ म्हणाला, "अब ये जोड़ नहीं टूटेगा. और नीचे का छेद खुला रखना, वो फालतू नहीं है." हे वाक्य ऐकायला मी एकतीस वर्षं थांबले होते.

नवा हिरवा रंग झाला. श्रीपादने सांध्यावर रंग दिला नाही. पितळेचा तो पट्टा उघडाच ठेवून वर पारदर्शक रोगण लावलं. जोड दिसला पाहिजे, हा त्याचा नियम. आणि एवढ्यात खंडेनवमी आली.

सकाळी पाटावर नट पिळायचे पाने, पक्कड, आरे कसायची किल्ली मांडली होती. शेजारी मी, अजून उघडी, नुसती फ्रेम. सुलू आंघोळ करून आली. हातात तांब्या होता.

"क्षिप्रेचं आहे, मीच आणलं," ती म्हणाली. "तू दर वर्षी हिच्यात वरून ओतायचास न? आईने सांगितलं होतं मला. घे, ओत. या वेळी तर जास्तच पाहिजे."

श्रीपादने तांब्या घेतला. नळीचं तोंड उघडं होतं. त्याने तांब्या तिथपर्यंत नेला आणि हात तसाच राहिला. पाणी तांब्यात हिंदकळत होतं. माझ्या सगळ्या नळ्या गार पडल्या. आत्ता जर त्याने ओतलं, तर हा माणूस मरेपर्यंत बोलणार नाही, हे मला कळत होतं.

त्याने तांब्या खाली ठेवला. खिशातून तो मेणाचा खडा काढला आणि सुलूच्या हातावर ठेवला.

"ताई, लोखंड कमजोर नव्हतं," तो म्हणाला. "हे पाणीच होतं. खालून निघून जायला भोक होतं, ते मी बुजवलं. तीर्थ पायाखाली येऊ नये म्हणून. पंधरा वर्षं. तू पडलीस त्या दिवशीच मला समजलं होतं."

सुलूने तो खडा उन्हात धरून पाहिला. तांदळाचा दाणा पाहिला. मग ओढणीखालून डावा हात काढला आणि त्याच्याकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

"पाण्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "तू माझ्यासाठीच केलंस, येडा होतास. पण सतारीला खोळ घातली तेव्हा तू खोलीत होतास, श्रीपाद. खोळीची नाडी तूच बांधलीस. तेव्हा पण गप्प राहिलास?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"तू माझ्याशी बोलणार नाहीस याची."

"मग आता बघ," सुलू म्हणाली आणि आत गेली.

खंडेनवमीला हत्यारं हातात घ्यायची नसतात. इतर वेळी श्रीपाद कामात तोंड लपवायचा. त्या दिवशी तेही करता आलं नाही. दिवसभर तो पोर्चच्या पायरीवर रिकाम्या हातांनी बसून राहिला. दुसऱ्या दिवशी दसरा. सुलूने स्नेहाला आपट्याचं पान दिलं, शेजाऱ्यांना दिलं. श्रीपादने वाकून पाया पडून हात पुढे केला, तर ती म्हणाली, "संपली पानं." तबकात पानं होती. त्या घरात दोन माणसं दोन खोल्यांत जेवू लागली. स्नेहा वैतागली. "एवढी पुरणपोळी मी एकटीने खायची का? भांडा हवं तर, पण पानावर बसून भांडा."

त्यानंतरच्या रविवारी श्रीपाद पुढचं चाक बांधायला बसला. एकटा, मान खाली घालून. छत्तीस आरे ओवून झाले. चाकाचा आऊट काढायचा म्हणजे वाकडेपणा काढायचा असतो. त्यासाठी आरे कमीजास्त कसावे लागतात आणि ताण सारखा आहे का ते बोटाने छेडून ऐकावं लागतं. श्रीपादचा कान यथातथाच. तो छेडत होता, कसत होता, पुन्हा छेडत होता. चाक सरळ येत नव्हतं. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला.

आतून आवाज आला, "तो बेसूर आहे."

श्रीपाद थांबला.

"तो नाही, त्याच्या पलीकडचा. उतरलेला आहे. कधीपासून ऐकून राहिले, डोकं दुखून गेलं माझं." सुलू बाहेर आली आणि समोर स्टूल ओढून बसली. त्याच्याकडे पाहिलं नाही, चाकाकडे पाहिलं. वाकडा डावा हात तिने चाकाच्या मधल्या नळीवर ठेवला आणि उजव्या हाताने एक आरा छेडला.

"चढव. थोडा. अजून थोडा. बस."

दुसरा आरा. "हा जास्त चढला. उतरव."

तिसरा, चौथा, पाचवा. मित्रांनो, मी शेजारीच होते. श्रीपादच्या हातात किल्ली आणि सुलूच्या हातात सूर. दोघांमध्ये दुसरं काही बोलणं नव्हतं. चढव, उतरव, बस. ऊन पोर्चच्या पायरीवरून आत सरकलं, माझी सावली भिंतीवर आली, आणि इतक्या वर्षांनी सुलू तारा जुळवत होती. मला पुन्हा ती अर्धवट जाग आली. आपण व्हरांड्यात आहोत, दुपार आहे, मधलं काहीच झालेलं नाही, असं काही क्षण वाटलं. पण झालं होतं, आणि तो हातही तिथेच समोर होता.

छत्तिसावा आरा जुळला. सुलूने सगळ्यांवरून एकदा बोट फिरवलं. एकच सूर निघाला आणि चाक फिरवून पाहिलं तर ते सरळ होतं. श्रीपादचे डोळे भरून आले. ते पुसायला हात वर नेला तर हात ग्रीसने माखलेले.

सुलूने कमरेला खोचलेलं आपट्याचं पान काढून किल्लीशेजारी ठेवलं. ते सुकलं होतं. "राहिलं होतं," ती म्हणाली. "आणि राग गेला असं समजू नकोस. राग आहे. टेकरीला पोचेपर्यंत तरी राहील."

डिसेंबरात आम्ही निघालो. सुलू माझ्यावर, श्रीपाद त्याच्या सायकलवर, मागे. सत्तावन्न वर्षांची सुलू पहिल्यासारखी भरभर जात नव्हती. डाव्या मुठीवर आता घट्टे नव्हते, पकडही सैल होती. पण पुढचं चाक बारीक आवाजात गुणगुणत होतं आणि सुलू त्याच्या सुरात सूर मिळवत होती. हरभऱ्याची शेतं आली. नरवर जवळ आलं. तो चढ आला.

श्रीपाद मागून म्हणाला, "ताई, इथे उतरून चालत जाऊ."

सुलू गादीवरून उठली. ती उभी राहून पायडल मारू लागली. सगळा जोर माझ्या पोटाशी आला, थेट त्या पितळेच्या पट्ट्यावर. खरं सांगते, मी घाबरले. मी घाबरले आणि धरून ठेवलं. चढ संपला तेव्हा सुलूने घंटी वाजवली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मागे वळून पाहिलं तर श्रीपाद स्वतःच उतरून सायकल ढकलत येत होता.

आणि मग, दुपारी, देवासच्या घरांवर मला तो दिसला. मित्रांनो, डोंगर त्रिकोणी नसतो. तो ऐसपैस बसलेला असतो, ओबडधोबड, भगव्या झेंड्यांचा, पायऱ्यांचा, जागोजागी माणसं चढता-उतरताना दिसतात. वर बर्फ तर नव्हतंच. माझ्यासारखा तो अजिबात नव्हता. इतकी वर्षं मी ज्याची स्वप्नं पाहिली तो हा नव्हता, आणि तरी मला तो फार आवडला.

पायऱ्यांवरून सायकली वर नेता येत नाहीत. आम्हा दोघींना चपलांच्या स्टँडशेजारी उभं केलं. श्रीपाद सुलूपासून दोन पावलं दूर उभा होता, कुलपाची किल्ली उगीचच चाचपत. पोचलो होतो. आता राग राहतो की जातो, हे विचारायची त्याची हिंमत होत नव्हती.

सुलूने चपला काढल्या. ओढणीखालून डावा हात काढला, तोच वाकडा हात, ज्याच्याकडे श्रीपादने सोळा वर्षं सरळ पाहिलं नव्हतं. तो तिने त्याच्यापुढे धरला.

"धर," ती म्हणाली. "पायऱ्या खूप आहेत."

त्याने तो दोन्ही हातांनी धरला. दोघं चढू लागले. पहिल्या वळणापर्यंत मला ते दिसत होते, नंतर माणसांत मिसळले.

मी इथे उन्हात उभी आहे. ते खाली येईपर्यंत तुमच्याशी बोलते आहे. मित्रांनो, माझी एक विनंती आहे. तुमच्या घरी जुनी सायकल असेल तर तिला जरूर धुवा, पूजाही करा, हळदकुंकू लावा, आम्हाला ते आवडतं. पण नंतर तिला उलटी करा आणि पोटाखालचं भोक मोकळं आहे ना ते पाहा. कितीही पवित्र असलं तरी ते पाणी आत राहू देऊ नका. आणि घरात कुणी बरेच दिवस गप्प असेल, तर त्याच्याशेजारी जरा बसा.

वरून घंटेचा आवाज येतो आहे. तो माझ्या नळ्यांत शिरतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत घुमतो आणि खालच्या भोकातून बाहेर पडतो. मी आतून कोरडी आहे.